पहार वाजली नाही

मी, नृसिंह दत्तोपंत खरवंडीकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पेन्शन, मूळ राहणार नेवासे, हल्ली मुक्काम केडगाव, तालुका व जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने बोरखडीच्या बांधाची कोणतीही साखळी, म्हणजे टोकापासून मोजलेले कोणतेही ठिकाण, मला विचारावी. तिथे किती फुटांवर काय लागले ते मी झोपेतून उठवले तरी सांगेन. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, गुडघे गेले आहेत, पण राग जागच्या जागी आहे, आणि माझ्या मते बुद्धी शाबूत असल्याचा तोच सर्वांत चांगला पुरावा.

यापूर्वी सन १९६९ मध्ये, माझी पत्नी सौ. अंबिका वारली त्या वर्षी, मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात राहत्या घरापासून तांब्या-भांड्यापर्यंत सर्व काही मुलाच्या नावे लिहिले होते. ते रद्द समजावे. समजावे असे म्हणण्याचीही गरज नाही, कारण परवा सकाळी मी ते बंबात घातले आणि त्या पाण्याने अंघोळ केली.

कलम पहिले. मी सन १९२२ साली बांधकाम खात्यात मिस्त्री म्हणून लागलो आणि १९५७ साली ओव्हरसियर म्हणून पेन्शनीत निघालो. कॉलेजचे तोंड पाहिले ते मुलाची फी भरण्यापुरते. पस्तीस वर्षांत या जिल्ह्यात मातीचे एकवीस बांध माझ्या देखरेखीखाली उभे राहिले आणि त्यांतला एकही फुटला नाही. ही फुशारकी आहे हे मला कळते. पण मृत्युपत्रात नम्रता दाखवून कोणाचे भले व्हायचे आहे?

मला अपत्ये दोन. मुलगी सौ. सरोजिनी, नगरच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिच्या पाठचा मुलगा मोहिनीराज, बी. ई. स्थापत्य, पहिला वर्ग, हल्ली पाटबंधाऱ्याच्या एका उपविभागाचा उपअभियंता. हाताखाली जीप, ड्रायव्हर, शिपाई. दर रविवारी तो नगरहून माझी औषधे घेऊन येतो, कधी चुकत नाही. वाईट मुलगा असता तर हे मृत्युपत्र लिहायला इतका त्रास झाला नसता.

कलम दुसरे. माझी मिळकत अशी: केडगावचे राहते घर, चार खोल्या व मागे परसू, पुणे रस्त्यालगतची चार एकर जिराईत, पोस्टातली शिल्लक, आणि खाली लिहिलेली हत्यारे. ही सर्व स्वकष्टाची आहे. नेवाशाचा वडिलोपार्जित हिस्सा मी चुलत भावांना कधीच सोडून दिला, तेव्हा या मिळकतीत वाडवडिलांचे नाव घेऊन कोणी हात घालू नये.

कलम तिसरे. वाटणी सांगण्याआधी बोरखडीचे प्रकरण लिहितो. माझ्या मागे लोक म्हणतील की म्हातारा शेवटी चळला. त्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

गेल्या साली दुष्काळ पडला तेव्हा सरकारने जिल्हाभर कामे काढली. कामावर माणसे हजारांनी आणि देखरेखीला ओव्हरसियर मूठभर, म्हणून आमच्यासारखी पेन्शनीतली हाडे परत बोलावली गेली. नेवासे तालुक्याच्या पूर्व अंगाला बोरखडी म्हणून गाव आहे. तिथल्या पाझर तलावावर मला तात्पुरते नेमले. तो तलाव माझ्याच चिरंजिवांच्या उपविभागात येत होता. बाप पोराच्या हाताखाली लागला म्हणून लोक हसले. मला मात्र अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू.

मातीच्या बांधाला आधी पोटाखाली चर खणावा लागतो. तो कठीण थरापर्यंत न्यायचा आणि चिकण मातीने ठासून भरायचा, म्हणजे पाणी बांधाखालून निसटत नाही. चर कुठे थांबवायचा हे नकाशा सांगत नाही, पहार सांगते. चरात उतरायचे, पहार दोन्ही हातांनी उचलायची आणि सोडायची. खाली कठीण असेल तर ती खणकन वाजते आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. मऊ असेल तर नुसती धप्प करते. माझ्या वेळी ओव्हरसियर होणाऱ्याची परीक्षा हीच असे. डोळे बांधून पहारीचा आवाज ऐकवायचे आणि खाली काय आहे ते विचारायचे.

जानेवारीत चर ओढ्याच्या पात्रापर्यंत पोचला. तिथे पन्नास फुटांच्या टप्प्यात सहा फूट खाली गेलो तरी पहार वाजेना. माती उपसणाऱ्या बायकांत रतनबाई म्हणून एक होती, तिची तीन एकर बांधाच्या बरोबर खाली. अशा कामावर तिने जन्म काढलेला. ती टोपले खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, पहार वाजंना. खाली वाळू हाय. हितनं पानी जानार." मी स्वतः तीन ठिकाणी पहार टाकून पाहिली. बाई बरोबर होती.

मी माझ्या वहीत लिहिले: "साखळी १४० ते १९०. पाया मऊ. पहार वाजत नाही. आणखी चार फूट खोदल्याखेरीज भराव करू नये." ती वही घेऊन शिडीने वर आलो. शिडी माझीच, अकरा पायऱ्यांची. वर जीप उभी होती, चिरंजीव तिच्यातच बसलेले. मोहिनीराजला मी तोंडीही सर्व सांगितले आणि म्हटले, एकदा खाली उतर, स्वतःच्या हाताने पहार टाकून बघ. त्याने आधी चराकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिले.

"अप्पा, नकाशात सहाच फूट आहेत. जास्त खोदायला वरची मंजुरी लागेल, त्यात महिना जाईल. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येताहेत, त्याआधी भराव दिसला पाहिजे."

मी वही पुढे केली. त्याने ती गुडघ्यावर धरली, नोंदीखाली "पाहिले" असे लिहिले, सही केली, तारीख टाकली आणि परत दिली. डोळे एकदाही ओळीवरून फिरले नाहीत. उपअभियंत्याला दिवसाकाठी चाळीस सह्या कराव्या लागतात, ही त्यांतली एक.

त्यावेळी मी काय करायला हवे होते? चरात जाऊन बसायला हवे होते. मला पुरून भरा म्हणायला हवे होते. मुकादम मच्छिंद्र माझ्याकडे बघत उभा होता. तो एवढेच म्हणाला, "सायेब म्हन्त्यात भरा. तुमी काय म्हन्ता आप्पा?" मी मान डोलावली. त्या माझ्या मानेवर मच्छिंद्रने भराव टाकला.

बांध जूनपर्यंत बांधून पुरा झाला. फोटो निघाले, हार घातले गेले. यंदा पाऊस बरा झाला, तलाव भरला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फुटला. पाणी बांधावरून गेले नाही. बांधाखालून गेले, साखळी एकशे साठला. रतनबाईची तीन एकर खडकापर्यंत धुऊन निघाली. तिचा नवरा सहादेव बैल सोडवायला धावला तो परत आला नाही. दोन दिवसांनी ओढ्याच्या वळणावर बाभळीच्या जाळीत सापडला, हातात कासरा होता आणि कासऱ्याला बैल. बैलाच्या शिंगांना पोळ्याला लावलेला हिंगूळ तसाच होता.

चौकशी बसली. मोहिनीराजने लेखी जबाब दिला की पायाचा चर आपल्याला दाखवण्यात आला नाही, मुकादमाने परस्पर भराव केला. मग मला विचारले. अधिकारी तरुण होता, अदबीने म्हणाला, आजोबा, तुम्ही काही नोंद केली होती का. वही माझ्या पिशवीत होती. मला अंबिका आठवली. जाण्याआधी ती एवढेच म्हणाली होती, त्याला सांभाळा. मी म्हणालो, "आठवत नाही."

बोरखडीच्या सगळ्या साखळ्या मला पाठ आहेत आणि मी म्हणालो आठवत नाही. मच्छिंद्र समोर बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागले. आता त्याच्यावर हलगर्जीपणाने माणूस मारल्याचा खटला व्हायचा आहे. येत्या बुधवारी, १९ डिसेंबरला चौकशीचा शेवटचा दिवस. त्यानंतर कागद पोलिसांकडे जातील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर माझ्या पिशवीतला आहे.

कलम चौथे. अभियंत्यांच्या शिक्षणाबद्दल.

माझी चार एकर जमीन मी नगर जिल्ह्यातल्या अशा संस्थेला देतो जी पुढील अटी मान्य करून स्थापत्य अभियांत्रिकी शिकवील. पाच वर्षांपूर्वी मी एका तंत्रशाळेच्या प्राचार्यांकडे गेलो होतो आणि म्हणालो होतो की मुलांना पाया ओळखायला शिकवतो, फुकट शिकवतो. त्यांनी चहा पाजला आणि विचारले, आपली पदवी कोणती? मी म्हणालो, एकवीस बांध. ते हसले. म्हणाले, नियमात बसत नाही. त्या प्राचार्यांची संस्था या दानाला पात्र नाही. ती जगातली शेवटची संस्था उरली तरी पात्र नाही. ते पेन्शनीत गेले तरी नाही, त्यांची तसबीर भिंतीवर असेपर्यंत नाही.

अट अशी की या जमिनीवर इमारत बांधू नये. इमारती पुष्कळ आहेत. इथे मुलांनी चर खणावेत, बांध घालावेत, भिंती रचाव्यात. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने छोटासा का होईना एक बांध घालावा, त्यावर नाव लिहावे आणि त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. बांध टिकला तर परीक्षेला बसू द्यावे. फुटला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे. कोणी म्हणेल, दुष्काळ पडला तर? तर मुलगाही थांबेल. शेतकरी थांबतो, त्याला कोण विचारतो?

हल्ली पदवीधर अभियंते नोकरीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात असे वर्तमानपत्रात येते. मला नवल वाटत नाही. फळ्यावर काढलेला बांध कधी फुटत नाही, म्हणून तो काढणाऱ्याला वाटते आपल्याला बांध येतो. पुढे यंत्रे येतील. हिशेब यंत्रे करतील, नकाशे यंत्रे काढतील, माती यंत्रे उपसतील, आणि अभियंता गार खोलीत बसून सह्या करील. त्या दिवशी या जिल्ह्यातला प्रत्येक बांध बोरखडी असेल. हा शाप समजावा की अंदाज, ते ज्याचे त्याने ठरवावे. मी दोन्ही अर्थांनी लिहिला आहे.

दुसरी अट, निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. हे वाचून सरोजिनी हसेल. तिने मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि मला म्हणाली, अप्पा, मलाही बांधकाम शिकायचे आहे. मी म्हणालो, मुलीच्या जातीला हे काम नाही. मी हे कुठे बसून म्हणालो? ज्या कामावर निम्म्याहून अधिक बायका डोक्यावर माती वाहत होत्या त्या कामावर बसून. पुढे भावाची सगळी गणिते तिनेच सोडवून दिली. पाया मऊ आहे हे बोरखडीला बाईने सांगितले आणि पहिल्या वर्गाच्या पदवीधराने ऐकले नाही. या अटीत माझा स्वतःवरचाच सूड आहे, तो कोणी कमी करू नये.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. कोणाचीही मोजणीची वही दुसऱ्याने भरू नये. भरली तर भरणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला, दोघांनाही काढून टाकावे. का, ते सांगतो.

मोहिनीराज कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्यांचा मोजणीचा कँप पुणतांब्याजवळ गोदावरीच्या काठी पडला होता. ऊन फार होते. त्याला उन्हाचा त्रास होई, अंबिकेचा जीव खालीवर होई. मी रजा टाकून गेलो. तो चार दिवस झाडाखाली आजाऱ्यासारखा पडून राहिला आणि मी त्याच्याऐवजी सगळी पातळी घेतली, वही भरली, अक्षरही त्याच्यासारखे काढले. शेवटच्या दिवशी वही त्याच्यापुढे धरली आणि म्हटले, वाचून सही कर. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." आणि सही केली. मला केवढा आनंद झाला होता! घरी येऊन अंबिकेला सांगितले, पोराचा माझ्यावर किती विश्वास आहे बघ.

त्या वहीला कँपातले पहिले बक्षीस मिळाले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तो आड मी खणला होता.

वरील अटी पाच वर्षांत कोणत्याही संस्थेने मान्य केल्या नाहीत, तर ती चार एकर जमीन मच्छिंद्रला द्यावी. त्याने तिथे कांदा लावावा. शिक्षणखात्यापेक्षा कांदा बरा.

कलम पाचवे. हत्यारे. पातळी घेण्याची दुर्बीण, तिपाई आणि साखळी सरोजिनीला. ती ज्या मुलींना गणित शिकवते त्यांना तिने शाळेच्या अंगणात दुर्बिणीतून बघायला लावावे. कोणी विचारले हे अभ्यासक्रमात आहे का, तर बापाच्या मृत्युपत्रात आहे म्हणून सांगावे. पोस्टातली शिल्लकही तिचीच. या पत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून मी तिलाच नेमतो, कारण आमच्या घरात कागद शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच आहे.

पहार रतनबाईला. तिला पहारीचा आवाज कळतो. तिच्याकडे माफी मागायला मी दोनदा बोरखडीला गेलो. पहिल्यांदा वेशीवरून परत फिरलो. दुसऱ्यांदा दारापर्यंत पोचलो. तिने पाणी दिले, बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाली, "तुमी लिवलं हुतं की वो आप्पा. म्या बगितलं हुतं तुमाला लिवताना." मी पाणी न पिताच उठलो.

अकरा पायऱ्यांची लाकडी शिडी मोहिनीराजला. ती त्याने दिवाणखान्यात, पदवीच्या चौकटीशेजारी उभी करून ठेवावी. घरी आलेल्या प्रत्येक साहेबाने विचारावे की ही इथे कशाला, आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी सांगावे लागावे.

कलम सहावे. राहते घर.

घर मी मोहिनीराजला देतो. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, म्हणून पुढचेही नीट वाचावे.

मी नगरच्या एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, काही धर्मांच्या लोकांना असा कायदा लागू आहे की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या पत्राखाली काही मिळत नाही. हिंदूंना तो लागू नाही. मला तो कायदा फार आवडला, म्हणून मी तो माझ्या घरापुरता लागू करून घेतो. या पत्रावर मोहिनीराजने साक्षीदार म्हणून सही केली, तर घरावरचा त्याचा हक्क गेला. मग घर विकावे, आणि येईल त्या रकमेतून बोरखडीला रतनबाईच्या तीन एकर खडकावर तळ्यातला गाळ आणून टाकावा, हातभर जाडीचा, मच्छिंद्रच्या देखरेखीखाली. रक्कम उरली तर बांध घालावा. घर विकले गेले नाही, तर ते पाडून भिंतींची माती न्यावी.

उद्या रविवार आहे. मोहिनीराज औषधे घेऊन येईल. मी हे कागद त्याच्यापुढे ठेवीन आणि साक्षीदार म्हणून सही मागेन. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण वाचू नये असेही म्हणत नाही. मी घाई करणार नाही, कागदावर हात ठेवणार नाही, त्याला चष्मा शोधून देईन.

मोहिनीराज, तू हे वाचत असलास तर इथे थांब. सही करू नकोस. घर तुझे आहे. शिडीचे कलम मी तुझ्यासमोर खोडतो. बोरखडीची वही टेबलाच्या डाव्या खणात आहे, किल्ली लावलेली नाही. ती घे आणि बुधवारी तू स्वतः चौकशीपुढे जा. "अप्पांनी मला सांगितले होते. मी ऐकले नाही." एवढे दोन वाक्यांत सांग. नोकरीवर येईल ते येईल. मी तुझ्या बाजूला उभा राहीन आणि मला सगळे आठवते असे सांगेन. मग मी मरायला मोकळा, आणि तू जगायला.

आणि वाचले नाहीस, तर बुधवारी वही घेऊन मी जाईन. एकटा.

कलम सातवे. माझे क्रियाकर्म सरोजिनीने करावे. मुलगा असताना मुलगी कशी, असे भटजी म्हणाले तर त्यांना हे पत्र दाखवावे. जाळायला जागा कोणतीही चालेल, फक्त तिथे आधी पहार टाकून पाहावी.

येथवर सहा पाने, सर्व माझ्या अक्षरात, खाडाखोड नाही. शनिवार, दिनांक १५ डिसेंबर १९७३ रोजी लिहून पुरे केले. सही उद्या साक्षीदारांसमोर करीन.

सही: नृसिंह दत्तोपंत खरवंडीकर
केडगाव, रविवार, दिनांक १६ डिसेंबर १९७३

साक्षीदार पहिला: बन्सी कानिफनाथ लगड, वय ५८, धंदा शेती, राहणार केडगाव. मजकूर पूर्ण वाचला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: मो. नृ. खरवंडीकर, बी. ई., उपअभियंता. १६-१२-७३.

सह्या झाल्यानंतरची नोंद, माझ्या हातची. हिने वरील वाटणीत काही फरक होत नाही, नुसती हकिगत म्हणून ठेवतो.

शेजारचे बन्सीभाऊ सकाळी नऊला आले. चौथी पास माणूस. मी सही करताना त्यांनी पाहिले, मग चष्मा लावून पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचायला बसले. पाऊण तास लागला. सहावे कलम संपल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "आप्पा, पोराला एकदा तोंडी सांगून बगा की." मी म्हणालो, तोंडी सांगितले होते, बांधावर. त्यांनी कागद पुढे ओढले. सही केली, पण घरी गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले.

मोहिनीराज अकराला आला. औषधे फळीवर लावली, कोणती कधी घ्यायची ते पुन्हा सांगितले, माझे गुडघे चेपून पाहिले. मग मी कागद पुढे ठेवले आणि म्हणालो, माझे मृत्युपत्र आहे, वरची सही माझी, तू साक्षीदार हो. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. अप्पा, असले आत्ता कशाला, म्हणाला. मी चष्मा दिला. त्याने तो हातात धरला, डोळ्यांवर ठेवला नाही.

ओसरीवरून बन्सीभाऊ म्हणाले, "सायेब, वाचून तर घ्या."

तो त्यांच्याकडे बघून हसला. पेन काढले आणि म्हणाला, "अप्पांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

सही केली, खाली रेघ ओढली, तारीख टाकली आणि कागद माझ्याकडे सरकवले.

बन्सीभाऊंनी मान खाली घातली. मला वाटत होते की या क्षणी मला समाधान वाटेल. इतके महिने मी याच क्षणासाठी राग जपून ठेवला होता. पण मला गोदाकाठचे ते झाड दिसले, आणि वही पुढे धरून उभा असलेला, खूश झालेला मी दिसलो.

तो जेवून गेला. गेल्यावर मी डावा खण उघडला. वही तिथेच आहे. बुधवारची सकाळची एस. टी. साडेसातला आहे. मच्छिंद्रला निरोप धाडला आहे की स्टँडवर थांब, चौकशीच्या कचेरीचा जिना चढताना मला हात लागेल.